खिशातली सॉर्बिट्रेट आणि मित्रानं दिलेली पट्टी

"डॉक्टरसाहेब, नाव छापू नका. वय ५४, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. शुगर नऊ वर्षांपासून, बीपी पाच. शुगरला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीला टेल्मिसार्टन-एच. लघवी थांबून थांबून होते म्हणून रात्री टॅम्सुलोसिन. वर्षभर झालं, संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही, आली तर टिकत नाही. लाजेनं कुणाला बोललो नाही. फेब्रुवारीत मेडिकलमधून सिल्डेनाफिल ५० आणलो. कंदुरीचं मटण जेवून आलो, गोळी घेतलो, अर्धा तास वाट बघितलो, काय बी नाही. अजून एक घेतलो. रात्रभर डोकं दुखलं. मित्र म्हणाला, ती गोळी पाणचट आहे, ही डबल पॉवरची घे. त्यानं दिलेल्या पट्टीवर टॅडालाफिल १० आणि डॅपॉक्सेटिन ३० असं लिहिलंय. मे महिन्यात एका शनिवारी ढाब्यावर तीन लार्ज झाले, घरी येऊन ती घेतलो. रात्री दोनला लघवीला उठलो तर डोळ्यापुढं अंधारी आली, मोरीच्या दारात पडलो. कपाळाला टाके पडले. घरात पाय घसरला म्हणून सांगितलो. पिणं कमी केलं तर गोळी चालेल का? कशासोबत खावी, काय टाळावं? ता.क. जांघेत गजकर्ण झालंय, त्याला एप्रिलपासून इट्राकोनॅझोल चालू आहे. आणि जिना चढताना छाती भरून येते म्हणून दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट दिली होती, ती खिशात असते. महिन्या-दोन महिन्यांनी एखादी लागते."
— एक वाचक, सोलापूर

नमस्कार.

पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही ताजा कलमात टाकलीत, तीही शेवटच्या ओळीत. त्यामुळे मीही तुमचे प्रश्न उलट्या क्रमानं घेतो. मित्रानं दिलेली पट्टी आणि उरलेली सिल्डेनाफिल, दोन्ही आजपासून बंद. अर्धी करून नाही, न पिता नाही, एकदाच म्हणूनही नाही. हृदयाची तपासणी होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत या गोळ्या तुमच्यासाठी नाहीत. कारण दारूही नाही आणि मटणही नाही. कारण तुमच्या खिशातली सॉर्बिट्रेट.

सॉर्बिट्रेट म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. नायट्रेट जातीचं औषध रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणून छातीतली कळ थांबते. सिल्डेनाफिल आणि टॅडालाफिल त्याच साखळीवर काम करतात, फक्त दुसऱ्या टोकानं. शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार झालं की त्याच्या इशाऱ्यावर एक रसायन बनतं आणि ते रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतं. नायट्रेट हे रसायन वाढवतं. ताठरतेची गोळी ते मोडणाऱ्या एन्झाइमला अडवून ठेवते. एकीकडे नळ पूर्ण सोडायचा आणि दुसरीकडे मोरीच्या भोकात बोळा कोंबायचा, असा तो प्रकार. बीपी इतका कोसळू शकतो की हृदयाला आणि मेंदूलाच रक्त पुरत नाही. यात माणसं दगावलेली आहेत. म्हणून जगभर कुठल्याही डॉक्टरला विचारा, या दोन औषधांच्या जोडीला 'जपून घ्या' कुणी म्हणणार नाही, 'नाही' एवढंच म्हणतील.

या दोन्हींचं नातं जुनं आहे. सिल्डेनाफिल मुळात फायझरच्या इंग्लंडमधल्या सँडविच इथल्या प्रयोगशाळेत छातीच्या दुखण्यावरचं औषध म्हणूनच तपासलं जात होतं. छातीवर फारसा उपयोग दिसला नाही, पण चाचणीतल्या पुरुषांनी भलताच परिणाम सांगितला. २७ मार्च १९९८ ला अमेरिकेत ते ताठरतेसाठी मंजूर झालं. त्याच वर्षीचं वैद्यकाचं नोबेल नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाला मिळालं. आणि ज्याच्या नावाचं हे पारितोषिक, त्या आल्फ्रेड नोबेलनं नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट बनवलं. म्हातारपणी हृदयासाठी डॉक्टरांनी त्याला तेच नायट्रोग्लिसरीन लिहून दिलं होतं. असो.

नायट्रेट फक्त सॉर्बिट्रेटच्याच नावानं येत नाही. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटच्या रोजच्या गोळ्या, नायट्रोग्लिसरीनच्या कॅप्सूल, छातीवर चिकटवायच्या पट्ट्या, जिभेखालचा स्प्रे, सगळं त्याच घरातलं. निकोरँडिलचं नाव वेगळं असलं तरी गुण तोच, तेही चालत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी ही औषधं असतील तर पट्टी उलटून मागचं बारीक अक्षर वाचा.

आता सांगतो ते तुम्ही एकट्यानं वाचून उपयोग नाही. समजा त्या शनिवारी रात्री चक्कर आली नसती आणि छातीत दुखलं असतं, तर काय झालं असतं? तुम्ही घामाघूम, बोलता येत नाही. घरच्यांना एवढंच माहीत की छातीत दुखलं की खिशातली बारकी गोळी जिभेखाली ठेवायची. त्यांनी प्रेमानं तीच ठेवली असती. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टॅडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट द्यायचं नसतं. तुमच्या बाबतीत मी ४८ तासही पुरेसे धरत नाही. का ते पुढे सांगतो. म्हणून घरात सांगा. पाय घसरला ही गोष्ट आता मागे घ्या. कपाळावरच्या टाक्यांपेक्षा हे सांगणं अवघड वाटेल, कळतं मला. पण या घरात तुमच्या तोंडात औषध घालणारा हात त्यांचाच आहे.

कधी अशी गोळी पोटात असताना छातीत दुखलंच, तर काम थांबवा, बसा, १०८ ला फोन करा आणि सॉर्बिट्रेट ठेवू नका. रुग्णवाहिकेत आणि हॉस्पिटलात पहिलं वाक्य हेच सांगायचं: अमुक गोळी, इतक्या वाजता घेतली. सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत रोज शंभर तऱ्हेचं ऐकणाऱ्या डॉक्टरांना याचं काहीही वाटत नाही. वाटतं ते तुम्ही लपवल्यावर. छातीचं दुखणं थांबवायला त्यांच्याकडे इतर औषधं असतात, पण कळलं तर ना.

मेच्या त्या रात्री तुम्ही पडलात ते एकट्या दारूनं नाही. एका रात्रीत पाच गोष्टी एकत्र आल्या होत्या.

पहिली टॅम्सुलोसिन. ती प्रोस्टेटभोवतीचे स्नायू सैल करते, पण थोड्या प्रमाणात रक्तवाहिन्याही. आडवा माणूस एकदम उठला की रक्त पायात उतरतं आणि डोळ्यापुढं अंधारी येते. प्राझोसिन, डॉक्साझोसिन, टेराझोसिन ही बीपीसाठीही देतात, त्यांचं तर हे जास्तच. या औषधांवर माणूस काही दिवस स्थिर झाल्यावर ताठरतेची गोळी कमीत कमी मात्रेनं सुरू करता येते, सिल्डेनाफिल असेल तर २५ पासून. ती मित्राच्या सल्ल्यानं नाही, डॉक्टरांच्या देखरेखीत.

दुसरी इट्राकोनॅझोल, आणि माझ्या मते त्या रात्रीची खरी गुन्हेगार हीच. उन्हाळ्यात घामानं जांघा, काखा गजकर्णानं भरतात आणि ही कॅप्सूल आपल्याकडे घरोघरी पोचली आहे. लोकांना ती कातडीचं साधं औषध वाटते. यकृतात सीवायपी-३ए४ नावाचं एन्झाइम असतं. सिल्डेनाफिल, टॅडालाफिल, डॅपॉक्सेटिन आणि तुमची टॅम्सुलोसिनसुद्धा मोडण्यात त्याचा मोठा वाटा असतो. इट्राकोनॅझोल त्याला जखडून ठेवते. तिच्याच जातीच्या केटोकोनॅझोलबरोबर टॅडालाफिल देऊन मोजलं, तेव्हा शरीरावरचा तिचा एकूण भार दुपटीपासून चौपटीपर्यंत गेला होता. म्हणजे पट्टीवर १० लिहिलं असलं तरी तुमच्या अंगात ती वीस-चाळीससारखी वागली असू शकते. शिवाय टॅडालाफिल एरवीच रेंगाळणारी. सिल्डेनाफिल निम्मी व्हायला चार तास लागतात, तर हिला साडेसतरा. मग ४८ तासांचा हिशेब तुम्हाला का लागू होत नाही ते लक्षात येईल. इट्राकोनॅझोल थांबवल्यावरही तिचा अंमल एक-दोन आठवडे राहतो, त्यामुळे "कॅप्सूल परवाच संपली" हे पुरेसं नाही. तुम्हाला टॅम्सुलोसिन चालू आहे हे त्वचेच्या डॉक्टरांना सांगितलं होतं का? बहुतेक नसणार. गजकर्णाच्या डॉक्टरला लघवीचं कोण सांगतं!

तिसरी डॅपॉक्सेटिन. तुमची तक्रार ताठरतेची, आणि ही गोळी शीघ्रपतनावरची. डबल पॉवर म्हणून मित्रानं दिली ती पॉवर नव्हे, दुसऱ्याच आजाराचं औषध त्यात मिसळलेलं. डॅपॉक्सेटिननं काही जणांना चक्कर येते, भोवळ येऊन शुद्ध जाते. दारूबरोबर हे वाढतं, म्हणून तिच्यावर पिऊ नये असं स्पष्ट सांगितलेलं आहे. इट्राकोनॅझोलबरोबर ती द्यायचीच नसते. हृदयाचा खरा आजार असलेल्यांनाही नाही. नैराश्यावरच्या गोळ्या किंवा ट्रॅमाडॉल घेणाऱ्यांनाही नाही. अशा जोडगोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही, पण पट्टीतून एक-दोन गोळ्या कापून दिल्या जातात आणि माहितीचा कागद दुकानातच राहतो.

चौथी, अर्थातच, दारू. आणि पाचवी सोलापूरचा मे: पारा चाळिशीच्या वर, लूमच्या शेडमध्ये दिवसभर घाम, त्यात टेल्मिसार्टन-एचमधला 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवीवाटे पाणी काढणारं. अंगात पाणी कमी असलं की बीपी सांभाळायला शरीराकडे उसंतच राहत नाही.

दारूचं विचारलंय तर स्पष्ट सांगतो. तीन लार्ज म्हणजे १८० मिली, अख्खी क्वार्टर. व्हिस्कीत ४२.८ टक्के मद्यार्क धरला तर शुद्ध मद्यार्क ७७ मिलीच्या आसपास. १० मिलीचं एक युनिट धरून जवळपास पावणेआठ युनिटं. टॅडालाफिलच्या माहितीपत्रकातला इशारा पाच युनिट आणि त्यापुढच्या पिण्याचा आहे: उभं राहताना बीपी उतरणं, चक्कर, डोकेदुखी, धडधड. सिल्डेनाफिल ५० आणि बेताची दारू निरोगी स्वयंसेवकांना एकत्र दिली तेव्हा दारूनं उतरतो त्यापेक्षा बीपी जास्त उतरलेला नव्हता, हेही खरं. म्हणजे धडधाकट माणसाला एखाद्या पेगनं आभाळ कोसळत नाही. पण 'निरोगी' या शब्दावर बोट ठेवा आणि वर तुमच्या औषधांची यादी वाचा. शिवाय मुद्द्याची गोष्ट वेगळीच: दारू इच्छा जागी करते असं वाटतं खरं, पण नसांचे निरोप मंद करून ताठरता घालवते ती तीच. ज्या कामासाठी गोळी घेतली त्याच कामाच्या पायात पाय घालणारी गोष्ट आधी पोटात टाकायची, हा व्यवहार मला कधी कळला नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचं तर यकृत, नसा आणि टेस्टोस्टेरॉन तिन्ही खालावतात. हातभट्टी आणि तंबाखूबद्दल वेगळं लिहीत नाही, आपल्याला सगळं ठाऊक आहे. एवढंच की तंबाखू नेमक्या याच बारीक रक्तवाहिन्यांना आवळते.

खाण्याचं थोडक्यात. फेब्रुवारीत सिल्डेनाफिल पाणचट नव्हती, कंदुरीचं मटण जड होतं. तेलकट, चरबीच्या जेवणावर सिल्डेनाफिल घेतली की तिचा जोर साधारण तासभर उशिरा येतो आणि रक्तातली सर्वोच्च पातळी २९ टक्क्यांनी कमी भरते. तुम्ही अर्ध्या तासात हार मानून दुसरी घेतलीत, मग दोन्ही मागाहून आल्या आणि डोकं ठणकलं. दिवसात एकच गोळी, हा नियम मोडायचा नसतो. मटण बंद करा असं मी म्हणत नाही. सोलापुरात राहून तसं सांगणारा डॉक्टर टिकायचा नाही. उद्या कधी परवानगी मिळालीच तर त्या दिवशी हलकं जेवा, भाकरी-भाजी, आणि रस्सा दुसऱ्या दिवशी. टॅडालाफिलला जेवणानं फरक पडत नाही.

ग्रेपफ्रूट नावाचं फळ या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. ते आपल्या मंडईत सहसा दिसत नाही. पपनस त्याच घराण्यातलं, तेव्हा गोळीच्या दिवशी तेही नको. डाळिंबाबद्दल मला हमखास विचारतात, आणि विचारणारच. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असलेलं गाव आहे हे. काचेच्या नळीत डाळिंबाचा रस त्या एन्झाइमला अडवताना दिसला, पण माणसांना रस देऊन तेच एन्झाइम तपासलं तेव्हा लक्षणीय परिणाम दिसला नाही. वाटीभर दाणे खुशाल खा, शुगर तेवढी बघून.

एक वाट तुम्ही घ्याल अशी मला भीती आहे: गोळी बंद झाली म्हणून 'जडीबुटी'ची कॅप्सूल. अशा शक्तिवर्धक म्हणवल्या जाणाऱ्या मालात लेबलवर न लिहिता सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल मिसळल्याचं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं पुन्हा पुन्हा उघड केलेलं आहे. कॅप्सूल घेतल्यावर तासाभरात कान गरम झाले, नाक चोंदलं, डोकं जड झालं, की समजायचं जडीबुटी कुठल्या कारखान्यातली ती. सॉर्बिट्रेटवाल्या माणसाला यात धोका जास्तच, कारण आपण काय घेतलंय हेच त्याला माहीत नसतं.

इतर वाचकांसाठी दोन ओळी. घशाला किंवा छातीला दिलेली क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि एचआयव्हीच्या उपचारातली रिटोनाविर याही गोळीचा अंमल वाढवतात, रिटोनाविर तर कितीतरी पटींनी. उलट क्षयावरची रिफॅम्पिसिन आणि फिटांवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन गोळीला लवकर संपवतात. तिथे गोळी लागू पडत नाही म्हणून माणूस मात्रा वाढवत बसतो. आणि ताठरता चार तासांहून जास्त टिकली, किंवा एका डोळ्याचं दिसणं अचानक गेलं, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल.

आता तुमच्याकडे परत. लिंगाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. शुगर-बीपीनं वाहिन्या आतून बिघडू लागल्या की बारीक आधी कुरकुरतात. ताठरतेची तक्रार हृदयाच्या तक्रारीच्या काही वर्षं आधी दिसते ती यामुळे. तुमच्याकडे तर दोन्ही आहेत. जिना चढताना छाती भरते आणि महिन्या-दोन महिन्यांनी सॉर्बिट्रेट लागते, याचा अर्थ दोन वर्षांपूर्वीचं काम अर्धवट राहिलंय. ईसीजी, टू-डी इको, आणि हृदयाच्या डॉक्टरांना योग्य वाटेल ती पुढची तपासणी, टीएमटी किंवा अँजिओग्राफी, याच आठवड्यात ठरवा. सॉर्बिट्रेट पूर्वीपेक्षा वारंवार लागत असेल किंवा बसल्या जागी दुखत असेल, तर आठवडाही नको, आजच जा.

हायड्रोक्लोरोथायझाइडमुळेही काही जणांची ताठरता कमी होते. ते बदलता येईल का हे बीपीच्या डॉक्टरांना विचारा, पण स्वतःहून बंद करू नका. शुगरची तीन महिन्यांची सरासरी आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन बघून घ्या. मेटफॉर्मिनची या गोळ्यांशी काही भांडणं नाहीत. आणि हृदयाच्या डॉक्टरांनी नायट्रेट चालूच ठेवायला सांगितलं, तरी दार बंद होत नाही. निर्वात पंपाचं साधन आहे, लिंगात टोचायचं आल्प्रोस्टाडिलचं इंजेक्शन आहे. या दोन्हींना नायट्रेटची आडकाठी नाही. युरोलॉजिस्ट ते शिकवतात. मात्र संबंधाच्या श्रमाला हृदय तयार आहे का, हे आधी हृदयाच्या डॉक्टरांकडूनच कळायला हवं.

जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या: शुगरच्या, बीपीच्या, टॅम्सुलोसिन, इट्राकोनॅझोल, सिल्डेनाफिल आणि मित्राचीसुद्धा. ती त्याला परत करू नका. त्यालाही शुगर-बीपी असेल तर तोच तुमच्या जागी पडायचा. सॉर्बिट्रेटच्या पट्टीवरची तारीखही बघा, दोन वर्षं खिशात उन्हातान्हात फिरली आहे ती. मुदत गेली असेल तर नवी आणा आणि ती कुठे ठेवली, कधी द्यायची नाही, हे मंडळींना दाखवून ठेवा.